पाचवी पेटी

म्हाताऱ्या सुताराने स्वतःला पुरायची पेटी स्वतःच्या हाताने चार वेळा बनवली. कोणी गरीब मेला, की स्वारी ती देऊन मोकळी.

"प्रभू पुरवील," तो म्हणायचा.

"प्रभूला रंधा चालवता येतो का?" बायको खवळायची.

"येतो की! सुताराच्याच घरचा आहे तो."

ती कपाळावर हात मारायची. त्या एका खोलीत ती पेटी म्हणजे तिचं एकुलतं कपाट. पांघरुणं, तांदूळ, कांदे, सगळं तिच्यात. गावात कोणी मेलं, की आधी हिचे कांदे जमिनीवर. चौथ्या पेटीला तिने कुलूपच ठोकलं आणि किल्ली कमरेला खोचली.

यंदा सुताराच्या छातीत कफ भरला. डॉक्टर जाताना म्हणाले, "तयारीत राहा." तयारी कसली डोंबलाची! पण पेटी होती, एवढाच तिला धीर. जन्मभर दुसऱ्यांच्या पेट्या ठोकणारा माणूस चादरीत गुंडाळून जायला नको, बास.

आणि त्याच सकाळी शेजारची इस्त्रीवाली दारात. सासू गेली होती तिची. घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं!

"अगं, किल्ली दे," सुतार खाटेवरून खोकला.

"गप पडा! ती तुम्हाला लागणार आहे!" बोलून गेली, आणि तिने जीभ चावली.

"राहू द्या काकू," इस्त्रीवाली म्हणाली. "मी फक्त सांगायला आले. चादर आहे आमच्याकडे. इस्त्री करून ठेवलीये."

इस्त्री करून! म्हातारीला भडभडून आलं. नवऱ्याला, चर्चच्या पाळकाला आणि मेलेल्या सासूलाही शिव्या घालत तिने कुलूप काढलं, कांदे जमिनीवर ओतले. "न्या! झाकण जपून लावा, करकरतं."

मग भिंतीवरच्या क्रूसासमोर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बघितलंस ना? तुझ्या नावानं गेली पेटी. आता पाचवी होईपर्यंत यांना हात लावायचा नाही. आणि ती यांनीच करायची, दुसऱ्याच्या हातची मला चालायची नाही!"

सुतार हसला, आणि हसण्यापायी तासभर खोकत राहिला.

नवव्या दिवशी तो उठून बसला. "माझा रंधा कुठाय गं?"

"हत्यारांच्या खोक्यात, कुलुपात."

"अगं, पेटी करायला घेतो. तुझे कांदे जमिनीवर पडलेत."

"पडू देत," ती म्हणाली, आणि किल्ली आणखी खोल खोचली.