चार इंचांचा कप्पा

माझ्या नणंदेला पुस्तकातलं काही कळत नाही, हे मी अंबरनाथपासून बदलापूरपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलेलं आहे. सुनंदाच्या घरात छापील असं काही असेल, तर ते विजेचं बिल!

म्हणूनच सासरे गेल्यावर त्यांच्या ऐतिहासिक कादंबरीचे सात खंड तिनं मागूनही मी दिले नाहीत.

"वहिनी, बाबांची आठवण म्हणून दोन तरी दे ना."

"तू काय करणार त्यांचं? गरम कुकर ठेवणार?"

मी शाळेतली बाई. (निवृत्त झाले, पण बाई ती बाईच.) सातही खंड आपण वाचलेत, असंही मी तिला वर ऐकवलं. प्रत्यक्षात लग्नानंतरच्या पहिल्याच जूनमध्ये मी त्यांना घट्ट खाकी कव्हरं घातली आणि कपाट बंद केलं. लेबलंसुद्धा लावली नाहीत. ज्याला वाचायचंय तो उघडून बघेल, हा माझा बाणा! कुणी उघडून बघितलं नाही. त्यात मीही आले.

पुढे अंबरनाथ पश्चिमेची आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही बुवापाड्यात भाड्यानं राहायला गेलो. सामान बांधताना मी यांना बजावलं, "मुलांची जुनी पाठ्यपुस्तकं रद्दीत देऊन टाका."

"कुठली गं?"

"खाकी कव्हरातली, अहो! तेवढं तरी कळतं ना?"

यांना नेमकं तेवढंच कळलं. खाकी कव्हरात जे जे होतं, ते ते यांनी देऊन टाकलं. मी मात्र खंड माळ्यावरच्या खोक्यात सुखरूप आहेत, अशा समजुतीत निवांत होते.

दरम्यान सुनंदानं सोनिवलीच्या एका टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. फर्निचरच्या खरेदीला उल्हासनगरला जाताना तिनं मला बरोबर नेलं. 'चॉइससाठी' म्हणे! शोरूमचे मालक सिंधी गृहस्थ, बोलायला एकदम मोकळे. त्यांनी टीव्ही युनिट दाखवलं. त्याच्या एका अंगाला उंच, उथळ कप्पे, आणि बाजूच्या टेबलावर पुस्तकांचे ढीग.

"माई, बुक्स युनिट के साथ फ्री. लाल में चाहिए कि हरी में?"

"पुस्तकं रंगावर देता तुम्ही?" मी कपाळाला हात लावला.

"तो और किस पे दें? रद्दीवाले से वजन पे उठाते हैं, कव्हर-बिव्हर निकाल के साफ करते हैं. आजकल सबको लायब्ररी का लुक मंगता है ना!"

"वहिनी, लाल घेऊ की हिरवी?"

"लाल घे. पडद्यांना मॅच होतील." जेवढा कुत्सितपणा आवाजात मावेल तेवढा मी भरला होता. लाल पुठ्ठे, त्यावर सोनेरी अक्षरं. ती वाचायला पर्समधून चष्मा काढावा लागला असता, आणि पडद्यांना शोभणाऱ्या पुस्तकांसाठी चष्मा कोण काढणार?

"आमच्या बाबांचीपण अशीच लाल होती गं," सुनंदा म्हणाली.

"बाबांची कुठे, ही कुठे! ही पैशाला पासरी मिळतात."

"बस, एक बात है," मालक म्हणाले. "कप्पा चार इंच ही गहरा है, बुक्स बाहर आएंगी. पन्नों की तरफ से काट के साइज कर देंगे. चलेगा?"

सुनंदा चाचरली. "कापायची? पुस्तकं?"

"कापू दे गं! तुला कुठे वाचायचीत?" असं म्हणून कारागिराला खूण मीच केली. करवत फिरली, कागदाचा भुसा उडाला. माझ्या पदरावर पडला तो मी झटकून टाकला.

वास्तुशांतीला सोनिवलीत झाडून सगळे नातेवाईक जमले. जेवणं होत आली तसा मला चेव चढला. मी कप्प्यातून एक पुस्तक काढलं आणि वर धरलं.

"बघा! पुस्तक आहे की कापलेला पाव?"

सगळे हसले. उजव्या पानावर ओळींची नुसती सुरुवात, डाव्या पानावर नुसता शेवट! मी चष्मा लावला आणि वर्गात वाचतात तसं खणखणीत वाचलं, "सरदारानं दार उघडलं आणि..." मग पान उलटून डावीकडचं, "...म्हणून तिनं ताट बाजूला सारलं!" पुन्हा हशा.

सुनंदा मात्र हसली नाही. तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं. शिवणीलगतच्या समासात लाल पेन्सिलीनं एक शब्द लिहिलेला होता: 'थाप!'

"वहिनी, हे बाबांचं अक्षर!"

लेखकाचं म्हणणं पटलं नाही की सासरे समासात तसं लिहायचे, हे मी नुसतं ऐकून होते. सातही खंडांत पानोपानी 'थाप!' निघाली. मी यांच्याकडे पाहिलं. हे श्रीखंडाच्या वाटीत बघत होते.

"खाकी कव्हरातली म्हणालीस तू," एवढंच बोलले.

सुनंदा तो अर्धा खंड छातीशी धरून रडायला लागली. मला इतकी लाज वाटली, की फरशी फाटावी आणि आपण थेट खालच्या पार्किंगमध्ये पडावं! तेवढ्यात तिनं डोळे पुसले आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पण वहिनी, तू सगळे वाचलेत ना? मग कापलेलं अर्धं तू मला सांग."

मी म्हटलं, "हो, सांगेन की."

उल्हासनगरची रद्दीची दुकानं मी पालथी घातली. अख्खा खंड एकही मिळाला नाही. "किस कलर में चाहिए, माई?" एवढंच विचारतात मेले.

आणि सुनंदा खरोखर वाचायला लागली! रोज दुपारी फोन. "वहिनी, सरदारानं दार उघडलं, पुढे?" मग मी सांगते. आतापर्यंत मी दोन सरदार मारलेत, एक बुरूज पाडलाय आणि एका दासीला उगाचच विहिरीत ढकललंय.

काल पुन्हा फोन आला. "वहिनी, परवा तू मारलेला सरदार पाचव्या खंडात बोहल्यावर उभा आहे गं."

"असं होय? मग... वाचला असेल."

"असू दे. तू सांगतेस ते मी समासात लिहून ठेवते. आणि त्याच्यापुढे बाबांसारखा लाल पेन्सिलीनं एक शब्दही."

कोणता, ते मी विचारलं नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शेरे मारले. माझी वही पहिल्यांदाच तपासून आली होती.