भिंतीकडचं सूत

भैयाजी हेडाऊनं चाळीस वर्षं तांडापेठेत हातमाग चालवला, आणि तुटलेली तार सांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. माग कधीच मोडीत गेला. सुताच्या चार गुंड्या तेवढ्या उरल्या. त्यातलंच जाड सूत त्यानं दोन वर्षांपूर्वी खाटेपासून मोरीपर्यंत भिंतीकडेनं कमरेच्या उंचीवर खिळ्यांना बांधलं. कोणी विचारलं की सांगायचा, कपडे वाळवायले. खरं कारण नवरा-बायकोलाच ठाऊक होतं. रुख्माबाईचे डोळे काचबिंदूनं गेले होते, आणि त्या सुताला हात लावून ती घरात अशी फिरे की पोटच्या पोरालाही पत्ता लागला नाही.

लागूही द्यायचा नव्हता. प्रज्वलला डुप्लेक्स घ्यायचं होतं. सून धनश्रीनं त्या दोन खोल्यांत अकरा वर्षं तोंडातून ब्र न काढता काढली होती. जुनं घर विकलं तरच नवं जमणार होतं. "माह्या डोळ्यांपायी लेकराचं घर मोडलं, त मी अन्न सोडीन," असं म्हणून रुख्माबाईनं नवऱ्याला शपथ घातली होती. म्हातारी मोठी हट्टी. शपथ पाळायची कशी, हे मात्र तिनं सांगितलं नाही.

रविवारी सगळे शहराबाहेर, बेशाकडचं ते नवं घर बघायला गेले. खाली बैठक आणि स्वयंपाकघर. निजायच्या खोल्या, न्हाणी, संडास, सगळं वर. मधे वळणाचा जिना, त्याला कठडाच नाही.

"कठडा?" भैयाजीनं विचारलं.

"काचेचा येईल, काका. एकदम मॉडर्न," घर दाखवणारा सौरव म्हणाला. "अन् भिंतीले खिळा नका ठोकू बरं, फिनिश खराब होते."

हो म्हणावं तर बायको जिन्यावरून पडणार, नाही म्हणावं तर पोराचं घर जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. खिशातली सुताची गुंडी भैयाजी नुसती चाळवत राहिला. त्याला रडू येत होतं.

"बाबा, बोला ना. आज 'हो' नाही म्हटलं त दुसरा कोणी घेऊन टाकते," प्रज्वल म्हणाला. "काहून गप उभे राहिले?"

नवऱ्यावर बोलायची वेळ येऊ नये म्हणून रुख्माबाईनंच इतका वेळ धरलेली त्याची बाही सोडली. "मी वर पाहून येते," म्हणाली, आणि भिंतीला हात लावून भराभर सहा पायऱ्या चढली. धनश्रीला सासूचं कौतुक वाटलं. सातवीपाशी जिना वळला. म्हातारी थांबली. एक पाय अधांतरी, आणि हात त्या गुळगुळीत भिंतीवर कमरेच्या उंचीला चाचपडत होता, वर, खाली, पुन्हा वर.

"अवो," ती घाबरून म्हणाली, "सूत कुठी गेलं?"

प्रज्वल धावला. आईला कवेत घेऊन त्यानं खाली आणलं आणि बापाकडे पाहिलं. घरातलं ते सूत पिशवीला अडकतं म्हणून त्यानं वैतागून किती वेळा तोडलं होतं. संध्याकाळी ते पुन्हा सांधलेलं दिसे, आणि बापाच्या खुळाला तो हसे.

"कवापासून, बाबा?"

भैयाजी जिन्याच्या पहिल्या पायरीवर मटकन बसला. "तू तोडत गेला, मी सांधत गेलो," तो म्हणाला. "पण इथं खिळा नाही ना ठोकता येत, बाबू."