इकाम्याविना दोन वर्षं

फखरुन्निसा दाभोळची. शिवणकामात हात सुबक. १९५७ साली नवऱ्यामागोमाग ती कुवेतला आली आणि फिंतासच्या कोळीवस्तीत दोन खोल्यांत राहू लागली. नवरा इद्रीस लाँचींवर सुतारकाम करायचा. दोन वर्षांनी असमा झाली.

असमा वर्षाची असताना इद्रीसचा कफील, म्हणजे त्याला जामीन राहिलेला कुवेती, वारला. त्याच्याच नावावर या तिघांचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना होता. तो संपला. नवा कफील मिळेना. पोलिसांची जीप दिसली की फखरुन्निसा दाराला आतून कडी घालायची. मागच्या गल्लीतल्या एका मलबारी कुटुंबाला अंगावरच्या कपड्यांनिशी नेलेलं तिने पाहिलं होतं.

दार वाजलं की ती मशीन थांबवायची आणि असमाच्या तोंडावर हात ठेवायची. "गप, बाय. शब्द काढू नको."

असमा शिकली. तीन वर्षांची झाली तरी बोलेना, नुसती बोटं दाखवायची. पडून गुडघा फुटला तरी रडण्याला आवाज नाही. इद्रीस म्हणायचा, "शहाणी आहे पोर." फखरुन्निसाला त्या शहाणपणाचीच धास्ती वाटे.

एका दुपारी दारावर थाप पडली. फखरुन्निसा उठायच्या आत असमाने तिला पदराला धरून कपाटामागे ओढलं आणि आपला तळवा आईच्या तोंडावर दाबला. तळवा थंडगार होता. पोरीची चड्डी ओली झाली होती. बाहेर पाणीवाला हाका मारत होता.

इद्रीस घरी येताच ती म्हणाली, "मी आता खरं सांगणार."

"हाकलून देतील गो!"

"देऊ देत. पोर मुकी झाली तर इथं राहून काय करायचं?"

ज्या कुवेती बाईचे कपडे ती शिवायची, तिला तिने सगळं सांगितलं. बाईचा नवरा कफील व्हायला तयार झाला. कचेरीत अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळून विचारलं, "परत पाठवू?" बाईच्या नवऱ्याने रदबदली केली, तेव्हा कुठे शिक्का बसला.

शिक्का बसला म्हणून असमा बोलली नाही. घरात कुजबुजायला वर्ष लागलं. परक्यांपुढे तर अक्षर नाही. फखरुन्निसा दार सताड उघडं टाकून शिवायला बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी मुद्दाम मोठ्याने बोले.

सातव्या वर्षी खेळात कुणीतरी असमाचा डाव बुडवला. ती भर गल्लीत भांडली, अरबीत, घसा ताणून. फखरुन्निसा बाहेर धावली, पण रागवायचं विसरून उंबऱ्यावर बसली आणि हमसून हमसून रडली.