‘परतीचा तारा’ आणि दादांचा गुडघा

बाईंना काहीच आवडत नसे, असं म्हणणं खोटं ठरेल. नावं ठेवायला त्यांना मनापासून आवडायचं. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात त्या डोळे तपासायच्या. अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड फ्रेम चढवायची, भिंगं बदलत राहायचं आणि विचारायचं, “आता बरं दिसतं, की मघाशी बरं होतं?” गिऱ्हाईक घुटमळलं की बाईंचा ओठ एका बाजूला जाई. एवढंसुद्धा ठरवता येत नाही! मग तेच गिऱ्हाईक बाहेर येऊन चेहऱ्याला अजिबात न शोभणारी फ्रेम उचले, आणि बाई म्हणत, “घ्या की. तुम्हाला थोडीच दिसणार आहे? बघायचंय आम्हाला.” काउंटरमागे मालक कपाळाला हात लावत.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. विचारणारे दोघं-तिघं आले होते, पण एकाचं हसणं, दुसऱ्याचे बूट, तिसऱ्याची आई, असं काही ना काही निघत गेलं. दोन खोल्यांचं घर होतं, खिडकीत दोन कुंड्या होत्या. टीव्ही होता, तो बातम्यांपुरता आणि बातम्या देणाऱ्यांच्या केसांना हसण्यापुरता.

त्या घरात दादा राहायला आले. दादा म्हणजे बाईंचे थोरले भाऊ. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, वहिनी गेल्यापासून एकटे. त्यांचा उजवा गुडघा बदलला, आणि त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. मग इस्पितळातून थेट बहिणीकडे आले ते एक चालायची चौकट, एक कपड्यांची पिशवी आणि टीव्हीला जोडायची एक काळी डबी घेऊन.

“हे काय?” बाईंनी डबीकडे बोट दाखवलं.

“यात मालिका असतात, चिमे. आपल्याला हव्या तेव्हा लावायच्या.”

चिमी हे बाईंचं घरातलं नाव. ते वापरणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं.

दादांना सगळ्या मालिका चालत नसत. घरातली भांडणं, पोलिसांचे तपास यांत त्यांना रस नव्हता. त्यांना लागायची अवकाशयानं, परग्रह, पुढच्या काळातली शहरं. आयुष्यभर नळ आणि गळती यांच्या तक्रारी ऐकलेला माणूस हा, निवृत्त झाल्यावर त्याने वर बघायला सुरुवात केली होती. त्यातही ‘परतीचा तारा’ नावाच्या मालिकेत त्यांचा जीव अडकला होता. पृथ्वी जळून खाक झालेली, उरलेली माणसं एका यानातून निघालेली, आणि एका लांबच्या ताऱ्याकडून त्यांना सारखी कुणाची तरी हाक ऐकू येते, अशी ती गोष्ट.

पहिल्या दिवशी बाई कपड्यांच्या घड्या घालत शेजारी बसल्या.

“हे कुठे चाललेत?”

“घरी.”

“घर तर जळालं म्हणालास.”

“नव्या घरी. त्या ताऱ्याकडून हाक आलीय ना.”

“कुणाची?”

“तेच तर कळत नाही.”

“म्हणजे कुणी तरी हाक मारली, आणि हे उठून चालायला लागले? एवढी शिकलेली माणसं, एकानेही विचारलं नाही, कोण बोलतंय म्हणून?”

दादा हसले. सुरुवातीला ते हसायचे.

बाईंना जणू नवी खाणच सापडली. यानातल्या कप्तान बाईचे केस स्फोट झाला तरी विस्कटत नाहीत. कुणी कधी कपडे धूत नाही, तरी सगळ्यांचे गणवेश कडक. दारं आपोआप उघडतात, पण कुणी जीव घेऊन पळायला लागलं की नेमकी अडकतात. दहापैकी नऊ माणसं आणीबाणीत कामाला लागायचं सोडून एकमेकांना आपलं बालपण सांगतात. दादांनी चव बदलावी म्हणून ‘आठवी मिती’ लावली. तिच्यात एक शास्त्रज्ञ मेलेल्या बायकोला वाचवायला पुन्हा पुन्हा भूतकाळात जातो. बाई तीन भाग बघून म्हणाल्या, “त्या बाईला विचारलंय का कुणी, तिला परत यायचंय का? इतक्या वेळा सुटली बिचारी.” मग रडायला शिकणाऱ्या यंत्रांची एक मालिका झाली. “माणसं रडायची थांबत नाहीत ते पुरे नाही,” बाई म्हणाल्या, “आता भांडीही रडणार.” ती मालिका दादांनी स्वतःच बंद केली.

संध्याकाळी व्यायामाची मुलगी येई. इस्पितळाने पाठवलेली, केस घट्ट बांधलेली, हातात जोर असलेली. ती दादांची टाच धरून गुडघा वाकवी, आणि दादा कळवळू नयेत म्हणून मालिकेवर बोलत राही. तीही ‘परतीचा तारा’ची भक्त निघाली.

“काका, मला वाटतं हाक त्या कप्तान बाईच्या आईची आहे.”

“आई तर पृथ्वीवर जळाली.”

“जळताना दाखवलीय का? दाखवली नाही म्हणजे ती जिवंत आहे!”

बाई स्वयंपाकघरातून ऐकत. मोठाली माणसं, एक साठी उलटलेला आणि एक पगार घेणारी, आणि बोलतात काय, तर न जळलेल्या आईबद्दल. एकदा त्यांनी चहाचे कप ठेवता ठेवता त्या मुलीला विचारलं, “तुला घरी काम नसतं का?”

“असतं ना मावशी. म्हणूनच बघते.”

असं दीड-दोन महिने चाललं. बाई रोज सांगत की हा फालतूपणा आहे, आणि रोज वेळेवर येऊन बसत. टीका करायची तर बघायला नको का? दुकानात मालकांनी एकदा विचारलं, “बाई, हल्ली लवकर निघता?” तेव्हा त्यांनी दादांच्या गुडघ्याचं कारण दिलं.

मग म्हाताऱ्या यंत्रज्ञाचा भाग आला. यानात एक म्हातारा यंत्रज्ञ होता, कमी बोलणारा, सगळ्यांची मोडतोड सांधणारा. दादांचा तो फार लाडका. त्या भागात यानाचा मागचा हिस्सा तुटायला लागतो, दार आतून बंद करायला कुणी तरी मागे राहायला हवं, आणि म्हातारा राहतो. काचेपलीकडून तो हात हलवतो. मग अंधार. दादा चष्मा काढून डोळे पुसत होते. पंचा तोंडावर धरला होता.

बाई मोठ्यांदा हसल्या.

“अरे, कडीला दोरी बांधायची आणि बाहेरून ओढायची! तीनशे वर्षं पुढे गेलेत, दोरी नाही का यांच्याकडे?”

दादांनी टीव्ही बंद केला. पंच्याची घडी घातली. मग अगदी शांतपणे म्हणाले, “चिमे, तू आयुष्यभर हेच केलंस. दारात उभी राहून आतल्यांना हसलीस. आत कधी आली नाहीस.”

त्यानंतर ते बोलेनासे झाले. कानात इअरफोनची बोंडं घालून मालिका बघायला लागले. पडद्यावर माणसं तोंडं हलवत, धावत, एकमेकांना मिठ्या मारत, आणि बाईंना एक अक्षर ऐकू येत नसे. न ऐकता कशाला नावं ठेवणार? “काय म्हणाला तो?” असं त्यांनी एकदा न राहवून विचारलं. दादांनी एका कानातलं बोंड काढलं, “तुला काय करायचंय?” म्हणाले आणि परत घातलं.

दुकानात बाईंचं लक्ष लागेना. एक दिवस एक आई मुलीला घेऊन आली. पोरीला पहिलाच चष्मा लागला होता. तो घालून ती दाराबाहेर गेली आणि ओरडली, “आई, झाडाला सुटी सुटी पानं आहेत!” आईच्या डोळ्यांत पाणी आलं, मालकांच्याही. बाईंनी मान फिरवली. कुणाला काही मनापासून आवडलेलं दिसलं की त्यांना त्या माणसाची लाज वाटायची, चारचौघांत कुणाचं बटण सुटलेलं दिसावं तशी. का वाटायची, हे त्यांनी कधी तपासलं नव्हतं. आता रिकाम्या खुर्चीसमोर भिंगं पुसताना त्यांना कळलं, की आपल्याला काही आवडलं असतं तरी आपण ते उघड केलं नसतं, कारण आपल्यासारखंच कुणी तरी बघत असेल अशी भीती होती. विचार काही सुखाचा नव्हता. भिंग पुसून झालं तरी त्या पुसत राहिल्या.

आणि मग ‘परतीचा तारा’ बंद पडली.

बातमी व्यायामाच्या मुलीने आणली. चपला काढायच्या आधीच म्हणाली, “काका, संपलं. पुढचे भाग करणार नाहीत. बघणारे कमी पडले म्हणे.”

“पण यान तर ताऱ्यापाशी पोचून त्या काळ्या दाराशी उभं आहे!” दादा म्हणाले. “हाक कुणाची ते सांगितलंच नाही!”

“नाही सांगणार आता कुणी.”

दादांनी व्यायाम करायला नकार दिला. दुसऱ्या दिवशीही दिला. जेवण अर्धं टाकायला लागले. मुलगी टाच धरायला गेली की पाय लाकडासारखा ताठ करत. जाताना तिने बाईंना दाराशी गाठलं. “मावशी, गुडघा असाच धरला ना, तर कायमचा लंगडतील. माझं ऐकत नाहीत, तुम्ही बघा काही तरी.”

बाईंना संताप आला. मालिकेचा, ती अर्धवट सोडणाऱ्यांचा, आणि तिच्यापायी पाय गमवायला निघालेल्या या म्हाताऱ्याचा. दुसऱ्या संध्याकाळी मुलगी आली तेव्हा बाई आधीच पलंगाच्या पायथ्याशी बसल्या होत्या. “तू दाखव कसं धरायचं,” त्या म्हणाल्या, आणि दादांची टाच दोन्ही हातांत घेतली.

“सोड, चिमे.”

“त्या काळ्या दारापलीकडे काय आहे, ऐकायचंय?”

“तुला काय माहीत?”

“सगळं बघितलंय मी. तुझ्याहून नीट बघितलंय. पाय वाकव, मग सांगते.”

दादांनी रागाने बघितलं. पण पाय थोडा ढिला झाला. बाईंनी दाबला.

“दार उघडतं. आत एक खोली. खोलीत टेबल, खुर्ची, आणि खुर्चीवर एक म्हातारी.”

“म्हातारी कुठून आली?”

“अजून वाकव.”

“आई गं! कोण म्हातारी?”

“तीच हाक मारत होती. पण यांना नव्हे. तिचं यंत्र जुनं झालं होतं, ते चालतंय की नाही हे बघायला ती रोज त्यात बोलायची. कुणी ऐकत असेल असं तिला वाटलंही नव्हतं. आणि आता बघते तर काय, दारात ही एवढी वरात!”

“शी!” दादा उठूनच बसले. गुडघा कधी नव्हे इतका वाकला, आणि त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. “असं कुठे असतं? मग वाटेत मेले ते कशासाठी मेले? आमचा यंत्रज्ञ कशासाठी मेला?”

“कोण बोलतंय हे विचारलं नाही, म्हणून.”

“हा निव्वळ दुष्टपणा आहे. काय गं, तुला पटतं हे?”

“नाही पटत, मावशी,” मुलगी दादांच्या गुडघ्यावर नजर ठेवून म्हणाली. “काहीच थरार नाही यात.”

“थरार हवा असेल तर लाटण्यावर पाय देऊन बघा,” बाई म्हणाल्या.

दादा परत उशीला टेकले. मग त्यांनी विचारलं, “ती म्हातारी त्यांना राहू देते की नाही?”

हे बाईंनी ठरवलं नव्हतं. हातात दादांची टाच होती, सुरकुतलेली, गरम. त्या म्हणाल्या, “देते. काय करणार? इतक्या लांबून आलेत. पण बूट बाहेर काढायला लावते.”

“आणि पुढे?”

“पुढचं उद्या. आधी आजचं वाकवणं पुरं कर.”

तसं ते महिनाभर चाललं. बाई गोष्ट सांगत, दादा तिच्यात चुका काढत. म्हातारी फार खडूस आहे, यानातल्या लोकांना ती भांडी घासायला का लावते, कप्तान बाईचे केस तिने का कापले, असं बरंच. यंत्रज्ञाला जिवंत कर म्हणून दादांनी खूप गळ घातली. बाईंनी साफ नाही म्हटलं. मेलाय तर मेलाय. मुलगी रोज आपलं प्लॅस्टिकचं कोनमापक गुडघ्याला लावून बघे आणि मान डोलावी. शेवटी एका सकाळी दादा चौकट न घेता दारापर्यंत गेले आणि परत आले, आणि त्याच आठवड्यात काळी डबी पिशवीत घालून स्वतःच्या घरी गेले.

आता रविवारी दुपारी बाई तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून त्यांच्याकडे जातात. दादांनी नवी मालिका धरलीय, कधी रात्रच होत नाही अशा ग्रहाची. जाताना बाई स्वतःची उशी नेतात, कारण दादांच्या सोफ्यावर, त्यांच्या मते, माणसाने बसू नये. परवा पडद्यावर सुरुवातीची नावंच येत होती, तोच त्या म्हणाल्या, “रात्र होत नाही, मग यांना झोप कधी येते?”

“येत नाही. तीच तर गोष्ट आहे.”

“फालतू आहे,” बाई म्हणाल्या, आणि आवाज वाढवायला सांगितला.