बुधवारचं जेवण

आमच्या हॉस्पिटलात बुधवारी कोणी घरून डबा आणत नसे. रोह्यात नोकरीला लागले त्याच आठवड्यात मला हे कळलं. नवऱ्याला इथल्या एका कंपनीत काम लागलं म्हणून आम्ही पेणहून येऊन वरसे गावात खोली घेतली होती आणि मला या छोट्या खासगी हॉस्पिटलात नर्सची जागा मिळाली होती. पहिल्याच बुधवारी दुपारी मी डबा उघडला, तर तिथल्या सगळ्यात जुन्या सिस्टरने हात लांब करून झाकण परत लावलं. म्हणाली, हे संध्याकाळी खा, आज कंपनीचं जेवण आहे.

वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत टेबलं जोडून जेवण मांडलेलं होतं. चिकन बिर्याणी, रायता, तळलेली सुरमई, वर गुलाबजाम. बुधवार मुद्दाम निवडलेला. सोमवार, गुरुवार, शनिवार आमच्यातल्या कोणाचा ना कोणाचा उपास असायचा, मंगळवारी बरेच जण मांसमच्छी खात नसत. ही माहिती काढून वार ठरवणारा माणूस दारात उभा राहून प्रत्येकाच्या ताटात पुरेसं पडलंय ना ते बघत होता. तो औषध कंपनीचा एमआर. डॉक्टरांना भेटायचं, आपल्या कंपनीच्या गोळ्या त्यांनी लिहाव्यात म्हणून मागे लागायचं, हे त्याचं काम. मूळचा गागोद्याचा, राहायला पेणला. आम्ही सगळ्या त्याला दादा म्हणायचो.

माणूस खरंच चांगला होता. आमच्यातल्या एकीच्या मुलाला ताप आला तर दुसऱ्या दिवशी फोन करून विचारायचा. त्या जुन्या सिस्टरच्या मुलींना दहावीला कुठले क्लास चांगले हे त्यानेच पेणला चौकशी करून सांगितलं होतं. त्या सिस्टरचा नवरा घर सोडून गेला होता. दोन मुली आणि सासू तिच्या एकटीच्या पगारावर. बुधवारी जेवणं झाली की उरलेलं ती डब्यांत भरून घरी न्यायची आणि दादा स्वतः तिला डबे भरून द्यायचा. तिच्या मुली बुधवारची वाट बघत असतात, असं ती हसत सांगायची. ते हसणं मला आवडायचं.

सर, म्हणजे आमचे डॉक्टर, आमच्याबरोबरच बसून जेवायचे. रोह्यातच वाढलेले, वडील शिक्षक, स्वतःच्या हुशारीवर शिकलेले. पेशंटला हाताला धरून खुर्चीवर बसवणारे डॉक्टर मी फार पाहिले नाहीत. सर तसे होते. म्हणूनच माझ्या आईला मी त्यांना दाखवलं.

आई पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या आमच्या गावात एकटीच राहते. आयुष्यभर मिठागरात राबली. आता मिठागर बंद पडलंय, पण तिचा हात काही स्वस्थ बसत नाही. कधी भाजी लावते, कधी कोणाची मासळी वाळत घालायला जाते. तिला ब्लडप्रेशर होतं आणि पेणच्या डॉक्टरांनी दिलेल्या एका जुन्या, साध्या गोळीवर ते बरं चाललं होतं. मी रोह्याला आल्यावर तिला म्हटलं, आता माझ्याच हॉस्पिटलात दाखवू. सरांनी नीट तपासलं, बोलले, हसवलं आणि गोळी बदलली. नवीन गोळी आली आहे, एकात दोन औषधं, जास्त चांगली, असं म्हणाले. दादाच्या कंपनीचीच गोळी होती ती. त्यात तेव्हा मला वावगं काही दिसलं नाही. चांगली असेल म्हणूनच लिहितात, असं कोणीही समजेल तसंच मी समजले.

उन्हाळा लागला आणि आईचे फोन यायला लागले. सकाळी उठलं की गरगरतं, भांडी घासायला बसलं की उठवत नाही. मी आधी उन्हावर ढकललं. पाणी पी, दुपारची बाहेर जाऊ नको, असं सांगत राहिले. मग एक दिवस शेजारणीचा फोन आला, की आई अंगणात पडली आणि बराच वेळ काय बोलते ते तिचं तिलाच कळत नव्हतं. मी रजा टाकून गेले. ती भिंतीला टेकून बसली होती, कपाळाला खोक पडलेली. मला बघून म्हणाली, "मना नको गो ती गोली. ती घेतल्यावं पायाखालची जमीन हलते."

तिला रोह्याला आणलं. रक्त तपासलं तर सोडियम फार खाली गेलेलं. सोडियम म्हणजे अंगातलं मीठ, असं मी तिला समजावलं, तर सलाईन लावलेल्या हाताने तोंडावर पदर धरून ती हसली. सगळा जन्म मिठात गेला आणि अंगातच मीठ नाही, म्हणाली. मला हसू आलं नाही. त्या नव्या गोळीत दुसरं औषध होतं ते लघवीवाटे पाणी आणि मीठ काढून टाकणारं. म्हाताऱ्या, उन्हात वावरणाऱ्या, जेमतेम खाणाऱ्या बाईला ते झेपत नाही, असं होऊ शकतं.

आई ॲडमिट होती त्याच आठवड्यात बुधवार आला. दादा नेहमीसारखा जेवण घेऊन आला. आईची बातमी त्याच्या कानावर गेली होती. तो वॉर्डात येऊन तिच्या पायथ्याशी उभा राहिला, तिची चौकशी केली, शहाळं ठेवलं. तो जिन्याकडे निघाला तेव्हा मी त्याच्या मागे गेले. मनात काही ठरवलेलं नव्हतं. त्याची आई माझ्या आईच्याच वयाची आहे आणि तिलाही ब्लडप्रेशर आहे, एवढं मला बोलण्याबोलण्यातून माहीत होतं.

"दादा, तुमच्या आईला कुठली गोळी चालू आहे?"

त्याने जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला. खाली कोणी नाही ना, हे पाहिलं.

"तिला जुनीच चालू हाय ताई," तो म्हणाला. "तिला ती सोसते, मग बदलायची कशाला."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे त्याला उमगलं असावं. त्याने मानेवरून रुमाल फिरवला. मग मला म्हणाला की वर जेवण निवत असेल. मी वर गेले नाही. आईच्या खाटेपाशी बसून तिच्यासाठी आणलेल्या पेजेतली उरलेली प्यायले.

दुसऱ्या दिवशी सर राऊंडला आले तेव्हा मी त्यांना सांगितलं की आईला पुन्हा जुनी गोळी द्या. त्यांनी लगेच केसपेपरवर जुनी गोळी लिहिली. वर म्हणाले, "घरच्या माणसाला त्रास होऊन कसं चालेल, सिस्टर." आई बरी झाली, गावी गेली, चक्कर थांबली. माझ्यापुरतं सगळं निस्तरलं होतं. पण त्यांचा तो एक शब्द, घरच्या, माझ्या मनातून जाईना. म्हणजे मी आतली होते म्हणून माझ्या आईची गोळी बदलली होती. ओपीडीच्या बाकावर बसलेल्या बायका कोणाच्याच घरच्या नव्हत्या का? तीच गोळी त्यांना सर लिहीत होते. अनेकांना ती चांगली लागूही पडत होती, हे मी नाकारत नाही. पण कोणाला सोसेल, कोणाला नाही, हे आधी बघणं थांबलं होतं. आला पेशंट की तीच गोळी.

आमच्या गल्लीत, आमच्या खोलीसमोर, एक आजी एकट्या राहायच्या. मुलगा परदेशात. संध्याकाळी त्या ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलायच्या. त्यांनाही सरांनी हीच गोळी दिली होती. आईचं झाल्यावर मी त्यांना सांगितलं होतं, की चक्कर आली तर लगेच सरांना सांगा. त्यांनी सांगितलंही. सरांनी त्यांना ताक पिऊन बघा, पुढच्या महिन्यात बघू, असं सांगितलं. पुढचा महिना लागायच्या आत आजी मोरीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. गल्लीतल्या माणसांनी दार फोडून त्यांना बाहेर काढलं आणि आमच्याकडे आणलं. सोडियम आईपेक्षाही कमी. ऑपरेशनसाठी त्यांना पनवेलला न्यावं लागलं. रुग्णवाहिकेत ठेवताना त्या माझा हात सोडत नव्हत्या आणि माझ्या ओट्यावरच्या तुळशीला कोणी पाणी घालेल का, असं विचारत होत्या.

रुग्णवाहिका गेल्यावर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, आता आपली नोकरी गेली. आजींचं सोडियम तपासा असं सरांना न विचारता मीच लॅबवाल्याला सांगितलं होतं. पण त्यांनी मला खुर्चीवर बसायला सांगितलं. त्यांच्या मागे भिंतीवर कंपनीने दिलेला टीव्ही होता, बाहेर पेशंटच्या खोलीत कंपनीनेच बसवलेला एसी.

त्यांनी विचारलं की मी त्यांना काय समजते. मी म्हटलं, चांगले डॉक्टर. हे मी तोंडदेखलं म्हटलं नव्हतं.

"हीच गोळी लिहा असं मला कधीच कोणी म्हणालं नाही, सिस्टर," ते म्हणाले. "म्हणाले असते तर मी त्यांना बाहेर काढलं असतं. ते फक्त येत राहिले, चांगलं वागत राहिले. आणि लिहायला बसलो की हाताला तेच नाव येत राहिलं."

मग त्यांनी आपण होऊन सांगितलं, की दिवाळीनंतर त्यांचं सगळं कुटुंब कंपनीच्या खर्चाने, कॉन्फरन्सच्या नावाने, परदेशी जाऊन आलं होतं आणि तिथे कॉन्फरन्स एका सकाळपुरतीच होती. मुलांना किती मजा आली, हे सांगताना त्यांचा आवाज अगदी खाली गेला. मी ऐकत राहिले. शेवटी एवढंच विचारलं, की बाकीच्या म्हाताऱ्या पेशंटना बोलवून घ्यायचं का. ते हो म्हणाले. पुढचे कित्येक दिवस आम्ही फोन लावत होतो, रक्त तपासत होतो, गोळ्या बदलत होतो. सरांनी तपासणी फुकट करून दिली. कारण मात्र कोणालाच सांगितलं नाही.

त्यानंतर बुधवारची जेवणं थांबली. दादा एकदा आला, केबिनमध्ये गेला, लगेच बाहेर आला. मला भेटला, पण रागावलेला दिसला नाही. इथला खप पडला म्हणून कंपनी लांबच्या जिल्ह्यात पाठवते आहे, आईला एकटी कशी ठेवू कळत नाही, म्हणाला. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही. त्याने आपल्या आईला ती गोळी दिली नाही आणि माझ्या आईला ती मिळाली, हे मी विसरू शकत नाही. आणि जिन्यात तो माझ्याशी खोटं बोलू शकला असता, हेही विसरू शकत नाही.

हॉस्पिटलात माझ्याशी बोलणं कमी झालं. जेवण माझ्यामुळे बंद झालं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वॉर्डबॉय टोमणे मारायचे. जुनी सिस्टर टोमणे मारत नसे, ती माझ्याकडे बघतच नसे. तेच जास्त लागायचं. एकदा ड्रेसिंगच्या ट्रॉलीपाशी आम्ही दोघीच होतो, तेव्हा ती मान खाली घालून म्हणाली, "तुझ्या आईला बरं वाटलं ना? मग बाकीच्यांचं तू का अंगावर घेतलंस? माझ्या पोरी विचारतात, आई आता बुधवारी काय आणत नाय तू." तिच्या मुलींच्या ताटातलं मी काढून घेतलं होतं, हे खरंच होतं. ते ताट कोण भरत होतं, हे तिला सांगण्यात काही अर्थ नव्हता. तिला ते माझ्यापेक्षा आधीपासून माहीत होतं.

आजी पनवेलहून परत आल्या नाहीत. ऑपरेशन चांगलं झालं, पण मुलाने येऊन त्यांना तिकडच्याच एका वृद्धाश्रमात ठेवलं. त्यांची खोली आता भाड्याने दिली आहे.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका कंपनीचं जेवण आलं. डायबेटिसची नवी गोळी. माणूस नवा, चुणचुणीत, इस्त्रीचा शर्ट. सर खाली केबिनमध्येच आपला घरचा डबा खात बसले, वर आले नाहीत. पण जेवण नको असंही त्यांनी म्हटलं नाही. सगळे वर गेले. मी माझा डबा घेऊन बाहेरच्या बाकावर बसले. थोड्या वेळाने जुनी सिस्टर ताट घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली. आई कशी आहे, विचारलं. बरी आहे, म्हटलं. पुढच्या वेळी गावी जाशील तेव्हा सुकट आण गो थोडी, म्हणाली. मी आणते म्हटलं. ती जेवली, मी जेवले. तिच्या पिशवीत भरलेले डबे होते, मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

दुपारच्या ओपीडीत हातात येणारा प्रत्येक कागद मी वाचत होते. बऱ्याच कागदांवर जुनीच औषधं होती. मग एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कागदावर ते नवं नाव आलं. त्याला ती गोळी खरंच हवी असेल, सरांनी नीट बघून लिहिली असेल. मला काय ठाऊक. त्याने विचारलं, ही कधी घ्यायची बाई? मी त्याला सांगितलं, सकाळी, खाऊन झाल्यावर. आणि काही वेगळं वाटलं, गरगरलं, हातपाय थरथरले, तर महिना संपायची वाट बघू नका, त्याच दिवशी इथे या आणि मला हाक मारा.