दारावरचे हंस

माझे सासरे, अप्पा, जन्मभर ट्रकवर फुलं-पाखरं रंगवत आले. बाजारात स्टिकर आले आणि त्यांचं काम थंडावलं, तोंडाचा पट्टा मात्र सुरूच राहिला. मी माझ्या पगारातून काळी गाडी घेतली, तेव्हा म्हणाले, "गाडी घेतलीस की म्हैस?"

गाडी अंगणात ठेवून मी माहेरी गेले. परत येते तर गाडीच्या दारावर दोन पांढरे हंस! विचारायची रीत या माणसाला ठाऊकच नाही.

माझं डोकं फिरलं. थिनर आणि फडकं घेऊन मी त्यांच्यादेखतच घासायला बसले. अप्पांनी खुर्ची समोर ओढली. "घास, घास. तेवढाच हाताला व्यायाम."

रंग निघाला. खाली तेच दोन हंस, भुरकट, माना वळवून बसलेले! रंग पक्का धरावा म्हणून अप्पा चित्राच्या आकाराची जागा आधी पॉलिश पेपरनं खरवडून घेतात. दारावरची चकाकी तेवढ्याच आकारात गेली होती.

"आता सगळं दार नव्यानं रंगवावं लागणार," अप्पा म्हणाले. मी दातओठ खात उभी.

"बाहेर कशाला देतेस? मी आहे ना." मान तिरकी करून त्यांनी दार न्याहाळलं. "या खेपेला मोर काढू?"