समुद्र बघायला निघालेली सकीना

डांबरगोळ्यांचा वास आला की शहागंजातलं माझ्या मैत्रिणीचं, सकीनाचं घर आठवतं. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतरचं वर्ष. एका दुपारी कराचीला जायला पेट्या भरताना तिच्या अब्बांना त्यांच्या आजोबांची रोजनिशी सापडली. हजला जाताना शिडाच्या जहाजावर लिहिलेली. अब्बा मोठ्यानं वाचू लागले. वारा पडला, पिण्याचं पाणी नासलं, रोज कुणाचं तरी प्रेत समुद्रात सोडावं लागलं.

“बस करा, पोरी ऐकायल्यात,” तिची अम्मी म्हणाली.

“आपलं जहाज तर इंजिनाचं हाय,” अब्बा म्हणाले, पण रोजनिशी मिटून त्यांनी पेटीच्या तळाशी सारली. सकीनानं माझा हात घट्ट धरला.

मला मात्र तिचा हेवा वाटत होता. तिला समुद्र दिसणार होता.

ती पोचल्याचं कधीच कळलं नाही. आता वाटतं, त्या दुपारी त्या खोलीत न घाबरलेली मी एकटीच होते.